काळ्या वाळूला अवस बघून जावं

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याला ‘काळा समुद्र’ म्हणतात. पाणी तिथं काळं नाही, ते चारचौघांसारखं हिरवट-करडं आहे. काळी आहे ती वाळू. रत्नदुर्ग किल्ल्याच्या दांड्यापलीकडे, मिऱ्या गावाच्या अंगाला ‘पांढरा समुद्र’ आहे. एकाच गावाच्या दोन कुशींना दोन रंगांचे समुद्र, आणि मधल्या डोंगरावर दीपगृह. नाव कानावर पडलं की माणसं रविवार गाठून गाडी काढतात, दुपारी तीनला भर भरतीत मांडवीच्या धक्क्यावर पोचतात, पाण्यापासून रस्त्यापर्यंत उरलेली हातभर पुळण बघतात, दोन फोटो काढतात आणि “एवढी काही काळी नाही हो” म्हणत कणीस खायला वळतात.

चूक वाळूची नसते. चुकलेली असते ती तिथी.

घरातल्या थोरांना आवडणार नाही, पण ही जागा बघायचा उत्तम दिवस अमावास्या. फार तर एखादा दिवस अलीकडे-पलीकडे. अवसेला घराबाहेर पडू नये असं मानणाऱ्यांची समजूत काढणं हे या सहलीतलं सगळ्यांत अवघड काम. बाकीचं सगळं गणितात बसतं.

गणित किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पंचमीला पावणेचार. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून नव्यानं मोजायचं. पंचांगात अमावास्येच्या जागी ३० छापलेलं असतं, ते तसंच गुणायला घेऊ नये, पंधराच धरावेत. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला आणि अवसेला भरती अकरा-बाराच्या मध्ये आणि ओहोटी, कोळीवाड्यातली ‘सुकती’, साडेपाच-सहाला.

हे सूत्र किती काटेकोर आहे, तेही बघून ठेवावं. चंद्र ३० तिथींत एक फेरा पुरा करतो आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ बरोबर २४ तास पुढे सरकते. तिथीमागे ४८ मिनिटं. आपण धरतो पाऊण तास, म्हणजे ४५. रोजची तीन मिनिटं पंधरवडाभर साठत जातात आणि पौर्णिमेपर्यंत आपलं उत्तर खऱ्या वेळेच्या पाऊण तास अलीकडे येऊ शकतं. शिवाय कॅलेंडरवरची तिथी सूर्योदयाची असते, ती दुपारी बदललेलीही असू शकते. म्हणून पाऊणपट करावी आणि मनात तासाभराची ढिलाई ठेवावी. ही वेळ रत्नागिरीच्या पट्ट्यातली. भरतीची लाट गोव्याकडून मुंबईकडे सरकत जाते, त्यामुळे मुंबईत तीच भरती उशिरा येते. मुंबईची वेळ बघून मांडवीला निघणारे सरळ सरळ फसतात. होडी काढायची असेल तर मात्र या सूत्रावर जाऊ नये, छापील भरती-ओहोटीचं कोष्टक घ्यावं.

अवसेलाच का? पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही उधाणाच्या तिथी. त्या दिवशी पाणी वर जास्त चढतं आणि खालीही जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, पुळण अर्धीमुर्धीच उघडी पडते. म्हणजे उधाणाच्या दिवशी सर्वांत रुंद पुळण आणि तीही नेमकी सूर्यास्ताला, असा योग दोन्ही तिथींना येतो. पण पौर्णिमेला चंद्र उगवतो आणि दीपगृहाचा झोत फिका पडतो. अवसेला आकाश काळं, वाळू काळी, आणि वरून फिरणारा एकच उजेड.

महिना निवडायचा तर पावसाळा संपल्यावरचे दोन-अडीच महिने. त्याचं कारण वाळूतच आहे.

मांडवीची मूठभर वाळू उचलली की पहिली गोष्ट कळते ती वजन. रिकामी लिटरची बाटली नेली असेल तर नीट कळेल. साध्या कोरड्या वाळूनं भरलेली बाटली साधारण दीड-पावणेदोन किलो भरते. निवडक काळ्या कणांची तीच बाटली सव्वादोन-अडीच किलोपर्यंत जाते. किनाऱ्यावरची वाळू सरमिसळ असते, म्हणून उत्तर कुठंतरी मध्ये येतं. पण डाव्या हातात एक आणि उजव्या हातात दुसरी घेतली की वजनकाटा लागत नाही.

हे जड कण मुख्यतः इल्मेनाइटचे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या खनिजाचे. सोबत मॅग्नेटाइट आणि काळ्या पाषाणातलाच ऑगाइट. इल्मेनाइट पाण्याच्या ४.७ पट जड, मॅग्नेटाइट पाच पटींहून थोडा वर, आणि साध्या पांढुरक्या वाळूतला स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, जेमतेम २.६५ पट. हे सगळे सह्याद्रीचे कण. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा काळा पाषाण झाला. कोकणात वरचा थर ऊनपावसानं कुजून जांभा झाला. दगड कुजताना त्यातलं बरंचसं विरघळून गेलं, पण इल्मेनाइट चिवट, ते उरलं. काजळीसारख्या नद्यांनी ते खाली आणलं. काजळी भाट्याच्या खाडीतून मांडवीच्या शेजारीच समुद्राला मिळते.

कण आले म्हणून किनारा काळा होत नाही. त्यासाठी कुणीतरी पाखडायला लागतं, आणि ते काम लाटा करतात. लाट वर चढते तेव्हा तिच्यात जोर असतो, ती जड-हलकं सगळं घेऊन येते. परतताना निम्मं पाणी वाळूत जिरलेलं असतं, जोर ओसरलेला असतो. हलके कण तिच्याबरोबर मागे जातात, जड तिथंच बसतात. त्यात काळे कण आकारानं बारीक, ते मोठ्या कणांच्या फटीत दडतात, म्हणून पाण्याला ते उचलायला आणखी अवघड. सुपात तांदूळ पाखडताना खडे खालच्या बाजूला राहतात, तसंच. पावसाळ्यातल्या दांडग्या लाटा वरच्या पुळणीवरची हलकी वाळू ओढून आत नेतात आणि किनाऱ्यावर काळा थर उघडा टाकतात. पुढं हिवाळा-उन्हाळ्यातल्या सौम्य लाटा तीच हलकी वाळू थोडी थोडी परत आणतात आणि काळं झाकून टाकतात. त्यामुळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेल्याला जो काळेपणा दिसेल तो एप्रिलमध्ये आंबे खायला आलेल्याला दिसेलच असं नाही. दिवाळीची अवस या हिशेबात अगदी फिट्ट बसते, पण लक्ष्मीपूजन सोडून रत्नागिरीला चला असं घरात सुचवण्यात अर्थ नाही. पुढची, कार्तिकातली अवस घ्यावी.

पोचल्यावर मात्र लगेच पुळणीवर उतरायचं नाही. आधी दीपगृह, मग वाळू. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

यामागे दोन कारणं आहेत. दीपगृहं लोकांसाठी खुली असतात ती साधारणतः दुपार कलल्यावर थोडा वेळ. दिवे लागायच्या आत सगळ्यांना खाली उतरवतात. वेळ ठिकाणाप्रमाणे बदलते, तेव्हा गावात विचारून घ्यावी. दुसरं कारण वाळू. इल्मेनाइट-मॅग्नेटाइटचा कठीणपणा काचेच्या बरोबरीचा. पायाला, खिशाला, बोटांना लागलेला एखादा कण चष्म्यावर किंवा कॅमेऱ्याच्या काचेवर घासला तर ओरखडा पडतो. किनाऱ्यावरून थेट भिंगाच्या खोलीत जाणं म्हणजे पॉलिश पेपर खिशात घालून आरशाच्या दुकानात शिरणं.

मांडवीहून किल्ला दोन-तीन किलोमीटर. रत्नदुर्ग तीन भागांत विभागलेला आहे: एकीकडे भगवतीचं देऊळ असलेला बालेकिल्ला, मध्ये पेठ, आणि दक्षिणेच्या टोकाला दीपगृहाचा डोंगर. किल्ला बहामनी काळातला, शिवाजी महाराजांनी १६७० साली घेतलेला, पुढं आंग्र्यांकडे, आणि १८१८ मध्ये ब्रिटिशांकडे. देवीचं दर्शन घेऊन बरेच जण तिथूनच परततात, कारण दीपगृहाची वाट वेगळी फुटते आणि पाटी चटकन दिसत नाही. माथ्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार आहे, सावली नाही, म्हणून पाणी जवळ असू द्यावं. कड्याच्या कडेशी जांभा वरून टणक दिसतो, खाली पोकळ असू शकतो, कारण समुद्र खालून डोंगर पोखरत असतो. कडेपासून माणूसभर अंतर ठेवून उभं राहावं. फोटोसाठी मागं मागं सरकणाऱ्यांना हे दोनदा सांगावं लागतं.

इथं दिवा लागला १८६७ साली. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीवरचा दिवाही त्याच साली लागला. सुएझ कालवा उघडायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती, पण आगबोटींची ये-जा वाढली होती आणि काळोखात कोकणच्या खडकांजवळून जाणं कप्तानांना परवडेनासं झालं होतं. आदल्याच वर्षी, १८६६ मध्ये, रत्नागिरीत जन्मलेला दहा वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेला होता. पुढं तो लोकमान्य म्हणून ओळखला गेला. त्याच्या लहानपणच्या रत्नागिरीत हा उजेड नव्हता. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ साली इथं आणून ठेवलं, तोवर बत्तीला एकोणीस वर्षं झाली होती. मांडवी या शब्दाचा अर्थच जकातीचं नाकं. माल इथं उतरायचा, मोजला जायचा. पुढं प्रवासी बोटींच्या काळात आगबोट खोल पाण्यात नांगर टाकी आणि माणसं पडावातून धक्क्यावर येत. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग आता घाटातल्या एस.टी.तही चालतो, पण त्याचं माहेर या पाण्यातलं.

दीपगृहात शिरल्यावर लोक विचारतात तो पहिला प्रश्न: “दिवा केवढा आहे?” उत्तर ऐकून निराश होतात. दिवा फारच लहान असतो. मोठं असतं ते भिंग.

कोणताही दिवा उजेड चहूकडे उधळतो, निम्मा आकाशात, उरलेला पायाखाली. जहाजाला हवा असतो तो क्षितिजाच्या रेषेतला एक पातळ पट्टा. एवढा उजेड वळवायला एकसंध भिंग केलं तर ते भिंतीएवढं जाड होईल. फ्रान्सच्या ओगुस्तँ फ्रेनेलनं भिंगाचा फक्त वक्र पृष्ठभाग ठेवला आणि मधली जाडी काढून टाकली. मधोमध एक गोल भिंग, त्याभोवती काचेची वर्तुळाकार कडी, वरखाली तिरप्या काचा. १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात ते पहिल्यांदा बसलं. जवळून बघताना एका कड्यावर नजर ठेवावी आणि डोकं हळूच डावीकडून उजवीकडे न्यावं. एका क्षणी ती पूर्ण काच एकदम पेटल्यासारखी होते, पुढच्या क्षणी विझते. जहाजावरून दिसणारा ‘झपका’ तो हाच. दिवा मिचमिचत नसतो. भिंग फिरतं आणि झोत आपल्या डोळ्यांवरून जातो. नवीन विजेच्या उपकरणांत दिवाच चालू-बंद करणारी योजनाही असते, तेव्हा समोर काय आहे ते आधी नीट बघून घ्यावं.

विजेच्या आधी या दिव्यांना तेल लागे, आणि १९०१ नंतर रॉकेलची वाफ करून जाळीवर पेटवण्याची पद्धत आली. लग्नाच्या वरातीतली मेंटलवाली गॅसबत्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती समजावून सांगायला नको. पंप मारायचा, दाब धरायचा, मेंटल काजळलं की बदलायचं. भिंग फिरवायला मनोऱ्याच्या पोकळीत लोंबकळणारं वजन असे, भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखं. ते तळाला पोचायच्या आत किल्ली फिरवून परत वर घ्यायचं, रात्रभर. कित्येक ठिकाणी भिंगाचा अवजड डोलारा पाऱ्यावर तरंगत ठेवलेला असे, म्हणजे बोटानं ढकललं तरी फिरावा. पाऱ्याच्या वाफेत रात्र काढणाऱ्यांच्या तब्येतीचं काय होत असेल, हे पुढं उशिरा ध्यानात आलं.

दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले असतात. पाहुण्यांना वाटतं, आपल्यापासून काही लपवलंय. खरं कारण ऊन. जे भिंग आतला उजेड बाहेर नेतं, तेच बाहेरचं ऊन आत एका बिंदूवर आणतं. पडदा राहिला तर आतला दिवा, वायरी, रंग, काहीही जळू शकतं. बाहेरच्या काचांवर खाऱ्या वाऱ्यानं मिठाचा पापुद्रा धरतो, तो गोड्या पाण्यानं धुवावा लागतो. कोरड्या फडक्यानं पुसला तर मिठाचे खडेच काच ओरबाडतात.

वर जाताना शेवटचा टप्पा बहुधा उभ्या शिडीचा असतो. पाठीवरची पिशवी खाली ठेवावी, टोपी खिशात घालावी, मोबाइलची दोरी मनगटाला अडकवावी. वरच्या सज्जात वारा अचानक अंगावर येतो. ज्याला उंचीची भीती आहे त्यानं भिंतीला पाठ लावून आधी लांब क्षितिजाकडे बघावं, खाली नंतर.

क्षितिज किती लांब आहे, याचं सोपं गणित आहे. डोळ्याची समुद्रापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.०८ नं गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. मांडवीच्या ओल्या वाळूवर उभ्या माणसाचा डोळा १.६ मीटरवर, त्याचं क्षितिज अवघं २.६ मैलांवर, म्हणजे पाच किलोमीटरच्याही आत. डोंगर आणि मनोरा मिळून सोयीसाठी १०० मीटर धरू: वर्गमूळ १०, क्षितिज २०.८ मैलांवर, साडेअडतीस किलोमीटर. समोरच्या जहाजावर डोळा चार मीटरवर असेल तर त्याचे ४.२ मैल त्यात मिळवायचे. सुमारे पंचवीस मैलांवरून तो दिवा दिसायला लागेल, हवा स्वच्छ असेल तर. म्हणून तर दीपगृहाला जुना किल्ला सोयीचा पडला. ज्या उंचीवरून शत्रूची गलबतं दिसायची, तिथूनच गलबतांना दिवा दिसतो.

पाचच्या सुमाराला खाली उतरावं आणि मांडवीला यावं. आता पाणी उतरत असतं आणि पुळण दर मिनिटाला रुंदावत असते.

आधी अनवाणी पायांचं. काळी वाळू ऊन शोषते. भर दुपारी पायाला चटके देते, आणि ते कोरड्या वरच्या पट्ट्यात. पाचनंतर हा प्रश्न उरत नाही, दुपारी बाराला आलेल्याची मात्र उड्या मारत पाण्यापर्यंत पळापळ होते. मग चुंबकाचा खेळ. लहान मुलं असतील तर हा कार्यक्रम अर्धा तास खातो. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं आणि ते कोरड्या वाळूवरून फिरवावं. नुसतं चुंबक वाळूत घालण्याची चूक करू नये, कण कायमचे चिकटतात. पिशवीवर केसाळ सुरवंटासारखे उभे राहतात ते मॅग्नेटाइटचे कण. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढलं की सगळे कागदावर पडतात. साध्या चुंबकाला न जुमानता काळंच राहिलेलं जे खाली उरतं, त्यात बरंचसं इल्मेनाइट, त्याचं चुंबकाशी नातं दूरचं. हेच इल्मेनाइट कारखान्यात गेलं की त्यापासून टायटॅनियम डायऑक्साइड होतं, घराच्या भिंतींना देतो त्या पांढऱ्या रंगातला पांढरेपणा. १८६७ साली मनोऱ्यांना चुना फासत असतील, हा टायटॅनियमचा रंग विसाव्या शतकातला.

हाच चुंबकाचा गुण फोनला नडतो. फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, कानात घालायच्या बोंड्यांच्या डबीतही असतं. फोन वाळूवर ठेवला की काळे कण जाळीत शिरतात आणि फुंकून निघत नाहीत, कारण आतून ओढ असते. पिन घालून कोरू नये. चिकटपट्टी दाबून उचलावी, सात-आठ वेळा. शहाणपण म्हणजे फोन ठेवूच नये. फोटो काढताना कॅमेरा काळ्या वाळूला अंधार समजतो आणि चित्र जास्त उजळ करतो. वाळू करडी, मळकट येते. पडद्यावर बोट दाबून उजेड थोडा खाली ओढला की ती पुन्हा काळी होते. “एवढी काही काळी नाही” या तक्रारीतली अर्धी तक्रार कॅमेऱ्याची असते.

आता खाली बघत चालावं. मागे गेलेल्या प्रत्येक लाटेनं वाळूवर काळ्या-करड्या रेघांची नक्षी सोडलेली असते. कुठं पिसांसारखी, कुठं चौकटी-चौकटींची जाळी, बर्फीवर सुरी फिरवावी तशी. शंखाच्या, खड्याच्या मागे पाण्याच्या बाजूला काळी शेपटी उतरलेली असते, कारण अडथळ्याशी पाण्याचा वेग मोडतो आणि जड कण तिथं बसतात. खेकड्याचं बीळ दिसलं तर त्याच्या तोंडाशी टाकलेला ढीग निरखावा. वर काळी वाळू असताना ढीग फिकट असेल, तर खाली हलक्या वाळूचा थर आहे. खेकडा फुकटात जमीन खणून दाखवतो. आपल्याला हौस असेल तर हातानं वीतभर खणावं, एका भिंतीवर काळे-करडे पापुद्रे एकावर एक दिसतात. एकेक काळा पापुद्रा म्हणजे एकेक दांडगाईचा काळ. खड्डा परत बुजवावा, अंधारात कुणाचा पाय मुरगळेल.

पांढऱ्या समुद्राकडे शिंपल्यांचा चुरा जास्त, म्हणून फिकट रंग, असं सांगतात आणि ते बरंचसं खरं आहे. पण मिऱ्याच्या आणि त्यापुढच्या काळबादेवीच्या उपसागरात, पाण्याखालच्या गाळातही इल्मेनाइट आहे, शास्त्रज्ञांनी ते कधीचं मोजून ठेवलंय. तेव्हा ‘काळा’ आणि ‘पांढरा’ हे वरच्या दोन वीतांचं वर्णन आहे. उगाच केरळच्या चवऱ्याशी तुलना करू नये. तिथल्या काळ्या वाळूत मोनाझाइट असतं, म्हणजे थोरियम, म्हणजे किरणोत्सर्ग. कोकणची वाळू काळ्या पाषाणातून आलेली, तिचं कुळ वेगळं. मांडवीची वाळू अंगाला लागली म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि सांधेदुखी बरी होते म्हणून अंगाला फासायचंही नाही.

पोहायला मात्र ही जागा नव्हे. बाजूला खाडीचं तोंड आहे. ओहोटीत खाडीचं सगळं पाणी एका अरुंद वाटेनं बाहेर पडतं आणि त्याची ओढ वरून दिसत नाही. पाणी गुळगुळीत वाटतं तिथं ती जास्त असते. घोट्यापर्यंत पाणी पुरे. उधाणाच्या दिवशी पाणी परततंही भराभर. त्याचा ठोकताळा बाराव्या हिश्श्यांचा: ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढाचा एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे पहिला तास पाणी झोपल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मा चढ होऊन जातो. खडकांच्या बाजूनं चालत गेलेला माणूस पहिल्या तासाच्या भरवशावर राहतो आणि परतीची वाट बुडालेली बघतो. सहाला ओहोटी असेल तर सव्वासातपर्यंत खडक सोडावेत.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो म्हणून मांडवीवरून तो पाण्यात बुडताना दिसतो. जूनच्या सुमाराला तो किल्ल्याच्या डोंगराआड जातो. तो गेला की ओली काळी वाळू काही मिनिटं आरशासारखी होते, आकाशाचा तांबूस रंग तिच्यात पांढऱ्या वाळूपेक्षा जास्त खुलून दिसतो, कारण खालून स्वतःचा रंग मध्ये येत नाही. मग अंधार.

वर बत्ती लागलेली असते. दीपगृहाच्या जमिनीकडच्या काचा बऱ्याचदा झाकलेल्या असतात, गावातल्या लोकांची झोप मोडू नये म्हणून आणि उजेड वाया जाऊ नये म्हणूनही. त्यामुळे नेमका झोत जिथं उभे आहात तिथून दिसेलच असं नाही. थोडं पाण्याकडे, थोडं भाट्याच्या बाजूला सरकून बघावं. दिसला की घड्याळ काढावं. पहिला झपका लागताच शून्य, तोच क्रम पुन्हा सुरू होईल तेव्हा एक. एका फेऱ्यावर विसंबू नये, दहा फेरे मोजून दहानं भागावं. जेवढे सेकंद येतील ते या दीपगृहाचं नाव. जवळपासच्या कुठल्याच दीपगृहाचा ठेका तसा नसतो. जहाजावरचा माणूस ठेका मोजतो, हातातल्या दीपसूचीत बघतो आणि समोर रत्नागिरी आहे की जयगड, हे ठरवतो. उजेड किती प्रखर आहे याला त्याच्या लेखी फार किंमत नाही. दोन झपक्यांच्या मधला काळोख किती सेकंदांचा, हे त्याला हवं असतं. आता प्रत्येक जहाजावर उपग्रहाची दिशादर्शक यंत्रं आहेत, तरी दिवा चालू ठेवलाय, कारण यंत्र बिघडलं की शेवटी खिडकीतूनच बघावं लागतं.

आणि दिवा काय करू शकत नाही तेही याच डोंगरावरून दिसलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज भरकटत मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं. खलाशांना सुखरूप काढलं, जहाज पुढं बराच काळ धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला टेकून तिथंच गंजत राहिलं. आपण कुठं आहोत हे त्या जहाजाला पुरतं ठाऊक असणार. नांगर धरत नाही म्हटल्यावर त्याचा काही उपयोग नव्हता.

मोजून झालं की निघावं. रिक्षात बसायच्या आधी चपला एकमेकींवर आपटाव्यात, पँटची दुमड उलटून झटकावी. तरीही घरी गेल्यावर पिशवीच्या तळाशी चिमूटभर काळं निघतंच. ते बेसिनमध्ये टाकू नये. जड असल्यानं पाण्याबरोबर पुढं जात नाही, पाइपच्या वाकणात बसतं. रद्दी पेपरवर झटकावं आणि कुंडीत टाकावं.